जाड तार, बारीक तार

धर्मा, तुझं पोतं माझ्या दुकानात अजून तसंच पडलंय. तुझ्या तेराव्याला दिघीला आलो होतो, तेव्हा जेवणं झाल्यावर तुझ्या बहिणीनं, चांगुणाबायनं, ते माझ्या पायाशी आणून ठेवलं. म्हणाली, "ह्ये तुलाच द्यायला सांगितलंय त्यानं. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नको म्हनला." उचललं तेव्हाच कळलं आत काय आहे ते. एवढं वजन आणि असा गोल आकार, दुसरं काय असणार? यष्टीच्या टपावर न टाकता मांडीवर घेऊन म्हसळ्यापर्यंत आणलं. कंडक्टर म्हणाला, "काय मिस्त्री, भोपळा का?" मी पोतं आणखी जवळ ओढलं.

चार दिवस झाले, सुतळी सोडवलेली नाही. खरं सांगतो, भीती वाटते. सुतळी सोडली आणि आत तीच तुझी बारीक तारेची मोटर निघाली, नव्यानं बांधलेली, तर त्याचा अर्थ एकच. मरेपर्यंत तू आपला हेका सोडला नाहीस आणि शेवटचा शब्द तुझाच राहावा म्हणून ती मला धाडलीस. मग मी कुणाशी भांडू? आणि ती खोलून मी माझ्या मनासारखी बांधली, तर तू नसताना तुझ्यावर कुरघोडी केल्यासारखं होईल. इकडे नारळी पौर्णिमा आठ दिवसांवर आलीय. होड्या बाहेर पडतील, आणि चांगुणाबाय पुन्हा मासळीची पाटी डोक्यावर घेईल. तिच्या मानेबद्दल डॉक्टर काय म्हणाला ते आपल्या दोघांसमोरच म्हणाला होता. अजून एक मोसम ओझं वाहिलं तर हात कायमचे बधिर होतील. आताच तिला सुईत दोरा ओवता येत नाही. मासळी वाहायची ती विजेची गाडी तिच्यासाठी होती, धर्मा. तुझ्या-माझ्या भांडणात आपण दोघंही ते विसरून बसलो.

तू पहिल्यांदा आलास तो भातगिरणीत. म्हसळ्याला विजेचे खांब नुकते आले होते. गिरणीची नवी मोटर मी जोडत होतो आणि तू भात सडायचं सोडून माझ्या मानेवर येऊन उभा. किती वेळ नुसता बघत होतास. मग म्हणालास, "हिच्यात कार्बन कुठं हाय?" मी चमकलो. मोटरीच्या पोटात घासणारे कार्बन असतात हे भात सडायला आलेल्या माणसाला कसं ठाऊक? मग कळलं, तू आगबोटीवर खलाशी होतास, तिथल्या डायनॅमोचे कार्बन घासून देणं तुझंच काम. मी सांगितलं, ही मोटर वेगळी. हिला कार्बन नाही, ठिणगी नाही, फिरतं आणि स्थिर यांचा एकमेकांना स्पर्शच नाही. तेल घाला आणि विसरून जा. तुझे डोळे असे चमकले की मला वाटलं हा आता मोटर खांद्यावर टाकून पळतो.

"मग हीच गाडीत का घालत न्हाय?" तू विचारलंस.

कसली गाडी, ते मला कुठं ठाऊक होतं. मग तू तिथंच भाताच्या गोणीवर बसून सांगितलंस. तुमची बोट विलायतेच्या कुठल्याशा बंदराला लागली होती, आणि सकाळी धक्क्यालगतच्या गल्लीत एक दूधवाला विजेची गाडी घेऊन आला. आवाज नाही, धूर नाही, नुसत्या बाटल्या किणकिणत होत्या. "दुधाला चालते, तर मासळीला काय झालं?" असं म्हणालास. बॅटरीची वीज सरळ एका दिशेनं वाहते, गिरणीच्या मोटरीला मागंपुढं होणारी लागते, म्हणून ही मोटर बॅटरीवर चालायची नाही, असं मी तुला समजावलं. तू थोडा विचार केलास आणि म्हणालास, "मग बॅटरीच्या विजेला मागंपुढं करनारा डबा कोन तरी करील." मी हसलो. म्हटलं, करील तेव्हा करील, आज काय? आज तुझ्यापुढं बॅटरीवर चालणाऱ्या दोनच मोटरी आहेत, जाड तारेची आणि बारीक तारेची. आपलं भांडण तिथूनच सुरू झालं म्हण ना.

तुमच्या बंदराची अडचण मला तू चालवून दाखवलीस. खालच्या वळणावर लॉरी वळत नाही, म्हणून ती वर बर्फाच्या कारखान्यापाशीच थांबते. मासळी खालून वर न्यायची, बर्फ वरून खाली आणायचा, आणि दोन्ही बायकांच्या डोक्यावरून. बैल ठेवावा तर खाऱ्या हवेत वैरण कुठून आणायची? त्या दिवशी चांगुणाबाय आपल्या पुढं चालत होती. पाटीतलं पाणी तिच्या मानेवरून पाठीवर ओघळत होतं आणि चढ संपेपर्यंत ती एकदाही थांबली नाही. वर पोचल्यावर तिनं पाटी उतरवली आणि मान हातानं धरून सरळ केली. तू तोंड फिरवलंस. मीही फिरवलं.

मी नऊ वर्षं मुंबईला ट्रामच्या कारखान्यात मोटरी बांधल्या. माझ्या दृष्टीनं प्रश्नच नव्हता. जाड तारेचे मोजके वेढे घ्यायचे, सगळी वीज त्यांच्यातूनच पुढं जाऊ द्यायची. ओझं जितकं जास्त, तितकी ती मोटर जोर काढते. माणसांनी खच्चून भरलेली ट्राम जागेवरून उचलते ती हीच. तुला तुझ्या आगबोटीवरची बारीक तारेची हवी होती. शेकड्यांनी वेढे, त्यांना वीज वेगळी फुटून जाते, आणि ओझं असो नसो, मोटर आपला वेग सोडत नाही. तिचा एक गुण तू मला दहा वेळा सांगितलास. उतारावर गाडीच मोटरीला ढकलायला लागली, की ती डायनॅमो होते आणि वीज परत बॅटरीत भरते. "बरफ खाली येतो तवा त्याचं वजन फुकट जातं," तू म्हणायचास. "तू बिरेक लावून चाकं तापवनार. मी तेच वजन बॅटरीत घालनार."

"आणि चढलीच नाही तर उतरणार कुठून?" हे माझं ठरलेलं उत्तर.

"ट्रामवाल्या, तुझी ट्राम डोक्यावरच्या तारेतनं वीज खाते. तिला काय कमी? ती तार म्हंजे विहीर हाय. आपली बॅटरी म्हंजे घागर. घागरीतलं पानी सांडून चालत न्हाय."

हे तुझं बरोबर होतं. तेव्हाच कळलं होतं, पण कबूल केलं असतं तर तू आठवडाभर मिरवलं असतंस. तुझी मोजायची रीतही तशीच. मी बॅटरीत काचेची नळी बुडवून तेजाबाची ताकद बघायचो, आणि तू मोटरीच्या पाठीवर सरळ तळहात ठेवायचास. चटका बसला की म्हणायचास, "ही वीज मासळी वाहत न्हाय, माजा हात शेकतेय." पुढं पुढं मीही दुकानात येणाऱ्या प्रत्येक मोटरीवर हात ठेवायला लागलो. गिऱ्हाइकं विचारतात, मिस्त्री, ताप बघता का? मी हो म्हणतो.

आणि त्या गाठी. वेढे घालून झाले की ते हलू नयेत म्हणून दोऱ्यानं आवळायचे असतात. तू जाळ्याचा दोरा आणलास आणि जाळ्याचीच गाठ मारायला लागलास, इतकी भरभर की मला बोटं दिसेनात. मी म्हटलं, हे काय, मोटरीत बांगडे अडकणार आहेत का? मी आपला आमच्याकडं भाताचा भारा बांधतात तसा पीळ देऊन टोक आत खोवतो. कारखान्यात साहेबांनीही माझी ती खोड मोडायचा प्रयत्न केला होता, जमलं नाही. तू तोंडावर हात ठेवून हसलास. "मोटर हाय का भारा? झोडपायची हाय व्हय?" तीन दिवस आपण त्या गाठींवरून एकमेकांना चिडवलं. तुझी वहिनी, म्हणजे आमची मंडळी, म्हणाली, "तुम्हा दोघांना दुसरा उद्योग नाही." माझ्या आयुष्यात त्या तीन दिवसांइतका मी कुठल्याच कामात रमलो नाही. तुला हे कधी सांगितलं नाही.

मोटर तू मुंबईच्या भंगारातून आणलेली, गाव तुझं, बहीण तुझी. म्हणून शेवटी बारीक तार घातली. मी धुसफुसत घातली. आणि मार्गशीर्षात एका सकाळी आपण गाडी बंदरावर काढली. लॉरीच्या जुन्या बॅटऱ्या फळीखाली, वर सहा पाट्या मासळी. सगळं बंदर बघायला. गाडी चढाला लागली, छान चालली, आणि वळणावर समोरून बर्फ घेऊन बायका उतरत होत्या म्हणून थांबावं लागलं. तिथंच घात झाला. उभ्या चढावर, भरल्या ओझ्यानं, जागेवरून उचलायची तिची ताकदच नव्हती. मोटर कण्हली, जळकट वास आला, आणि गाडी मागं सरकायला लागली. मी चाकामागं धोंडा घातला. दोन पाट्या घसरल्या आणि मासळी रस्त्यावर. चांगुणाबायनं आपली पाटी भरली, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ द्या रं. माजं डोकं हाय अजून."

ते ऐकून मला काय झालं कोण जाणे. तिच्यावर चिडता येईना म्हणून तुझ्यावर चिडलो. सगळ्या बंदरादेखत बोललो, "पाण्यावरची माणसं तुम्ही. तुम्हाला चढ काय कळणार?"

तू वर बघितलंस. खाली वाकून मासळी गोळा करत राहिलास. जाळी विणत बसलेले म्हातारे ऐकत होते, बायका ऐकत होत्या. ज्या चढावर तुझी आई, तुझी बहीण जन्मभर ओझं घेऊन चढली, त्या चढाबद्दल मी, म्हसळ्याच्या शेतातला माणूस, तुला बोललो. मी तसाच निघून आलो.

आठ महिने. कितीदा यष्टीत बसायला निघालो आणि परत फिरलो. पहिल्यांदा वाटायचं, मी बरोबर होतो ना, मग मी का जाऊ? मग वाटायला लागलं, आता इतके दिवस झाल्यावर काय तोंडानं जाऊ? आषाढात एक दिघीचा माणूस गिरणीत भेटला. धर्मा कावीळ होऊन पडलाय म्हणाला. आमची लावणी चालू होती. म्हटलं, एवढी लावणी आटपू दे, मग जातो. सगळ्यांची लावणी आटपते तशी माझीही आटपली, आणि त्याच दिवशी तू गेल्याचा निरोप आला. ह्याला मी काही सबब सांगत नाही. एक दिवस रोपं बांधावर पडून राहिली असती तर काही बिघडलं नसतं.

तेराव्याला चांगुणाबाय आणखी एक बोलली होती. मला ते उमगलं नव्हतं. "आजारपनात येड्यावानी करायचा. मला म्हनला पेंढा आन. घरात गाय न्हाय, ढोर न्हाय, पेंढा कशाला? पन आनून दिला. उशाशी घेऊन बसायचा." मला वाटलं, तापात माणूस काहीही मागतो.

•

वरचं लिहिलं त्याला दोन दिवस झाले. काल दुपारी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि सुतळी सोडली.

पोत्यात मोटर होती आणि एका लाकडी फळीवर बसवलेला पितळी खटका. मोटरीचं झाकण काढलं. आत तुझी बारीक तार, नवी, शेकड्यांनी वेढे, तुझ्या जाळ्याच्या गाठींनी घट्ट आवळलेली. मनात म्हटलं, वाटलंच होतं. झाकण परत लावणार, तेवढ्यात उजेड आतपर्यंत गेला आणि दिसलं. बारीक तारेच्या वर जाड तार होती. मोजके वेढे, मी घालतो तितकेच.

आणि त्या वेढ्यांना तुझी गाठ नव्हती. पीळ देऊन टोक आत खोवलं होतं.

धर्मा, किती वाईट बांधलं होतंस ते. एक पीळ उलटा, एक सैल. एका ठिकाणी दोरा तीनतीनदा सोडून पुन्हा बांधल्यामुळं पिंजला होता. जाळ्याची गाठ तू डोळे मिटून मारली असतीस. पण जाड तार माझी, म्हणून तिला गाठही माझी हवी, आणि ती शिकायला तू काविळीनं पिवळ्या झालेल्या बोटांनी पेंढ्यावर गिरवत बसलास. चांगुणाबायला पेंढा त्यासाठी मागितलास. मी स्टुलावर बसून रडलो. मंडळी आत आली, तिनं मोटर बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि चहा टाकायला गेली.

खटक्याचं काम मला रडून झाल्यावर कळलं. चढावर दोन्ही तारांतून वीज जाणार. जाड तार जोर देणार, बारीक तार वेग सांभाळणार. उतारावर मात्र वीज उलटी फिरते, आणि तेव्हा माझी जाड तार तुझ्या बारीक तारेच्या विरुद्ध जाते. म्हणून उतार लागला की खटका पाडायचा. म्हणजे जाड तार बाजूला, तुझी एकटी काम करणार. इतकं नीट विचार करून ठेवलं होतंस. एक सैल पीळ तेवढा मी घट्ट केला. बाकीच्यांना हात लावला नाही.

•

आज दिघीहून आलो ते हे लिहायला बसलो. पौर्णिमा झाली, होड्या जाऊन आल्या. तुझ्या अंगणात झावळ्यांखाली गाडी होती. तिच्यात मोटर बसवली, झाकण लावायच्या आधी चांगुणाबायला तू पेंढ्यावर गिरवलेले ते पीळ दाखवले, बॅटऱ्या बर्फाच्या कारखान्यातून भरून घेतल्या. चांगुणाबाय म्हणाली, "पाट्या कमी घाल." मी सहाच घातल्या.

वळणावर मी मुद्दाम थांबलो. मागून कुणी तरी ओरडलं, "अरं, थांबू नको." मी मनात पाच आकडे मोजले आणि वीज दिली. गाडीनं एक हिसका दिला आणि उचलली. माझ्या जाड तारेनं चढली, ट्रामसारखी. आठ महिन्यांपूर्वी मला ह्याच गोष्टीचा केवढा आनंद झाला असता. मी मागं वळून बघितलं. चांगुणाबाय मोकळ्या हातांनी गाडीमागून येत होती, आणि चढाच्या सवयीनं तिचा एक हात वर जाऊन डोक्यावर नसलेली पाटी धरून राहिला होता. वर पोचेपर्यंत तो खाली आला नाही.

वर लॉरीत मासळी चढवली, गाडीत बर्फ घातला आणि उतरायला लागलो. तुझा खटका पाडला. मी समोर एक काट्याचं मीटर लावलं आहे. वीज बाहेर जाते की आत येते ते दाखवतं. उतार लागला, बर्फाचं वजन गाडीला ढकलायला लागलं, मोटर चाकांना धरून बसली आणि काटा हलकेच शून्यावरून पलीकडे गेला. ब्रेकला मी पायसुद्धा लावला नव्हता. चढायला लागली तेवढी वीज परत येत नव्हती, चौथाईही नसेल. पण येत होती. घागरीत पाणी परत पडत होतं, धर्मा, आणि ते बघायला तूच नव्हतास.

वळणावर पुन्हा गाडी थांबवली. ह्या वेळी खाली उतरलो. जाळीवाले म्हातारे तेच होते, बायका त्याच. मोटरीच्या पाठीवर तळहात ठेवला. कोमट होती, शेकत नव्हती. मग म्हटलं, "गेल्या मार्गशीर्षात इथं उभा राहून मी धर्माला जे बोललो ते तुम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. आता हे पण ऐका. त्याला चढ कळत होता, आणि उतारही कळत होता. मला एकच कळत होतं. मी चुकलो."

एका म्हाताऱ्यानं सुई जाळ्यात खोवून ठेवली. मला पुढं काय करावं कळेना. चांगुणाबाय गाडीला टेकून उभी होती, पदरानं तोंड पुसत होती.

"त्याला ठाव व्हतं तू येशील त्ये," ती म्हणाली. "न्हायतर पेंढा कशाला मागवला असता? चल आता. बरफ इतळतोय."

मी ब्रेक सोडला. काटा पुन्हा उलटा वळला.